खोल समुद्रातला ॲम्फिपॉड कोणत्याच वर्णनाशी जुळत नाही. तो नवी जाती ठरेल का?

प्रश्न थोडक्यात असा: संशोधन नौकेवरच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे ओढत न्यायच्या जाळ्यात, 1100 मीटर खोलीवर दोन ॲम्फिपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले छोटे कवचधारी प्राणी) मिळाले. एक धडधाकट मादी, साधारण 23 मिलिमीटरची. दुसरा लहान, शेपटीकडचा भाग तुटलेला. आयडेंटिफिकेशन कीने, म्हणजे लक्षणांवरून नाव शोधायच्या तक्त्याने, वंशापर्यंत, म्हणजे जीनसपर्यंत नीट नेलं, पण पुढे एकही जाती जुळेना. सीओआय या जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम जेनबँकेशी, म्हणजे डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्याशी, ताडून पाहिला तर सर्वांत जवळचा क्रम 87 टक्के जुळणारा. मग ही नवी जाती समजायची का? आणि समजायची असेल तर तिचं वर्णन, नामकरण आणि प्रकाशन कसं करायचं?

मी बरीच वर्षं ॲम्फिपॉड आणि आयसोपॉड (त्यांच्याच नात्यातला दुसरा कवचधारी गट) यांच्या वर्गीकरणाचं काम करते, म्हणून जरा तपशिलात उत्तर देते. सुरुवातीलाच सांगते की तुमचा नमुना नवा असण्याची शक्यता चांगली आहे. खोल समुद्रातून आलेला आणि कीमध्ये न बसणारा ॲम्फिपॉड नवा निघणं यात नवल काही नाही. पण तुम्ही दिलेल्या दोन पुराव्यांवरून तो नवा ठरत नाही. की अडकली, याचा अर्थ की तयार करणाऱ्याला तो प्राणी माहीत नव्हता. 87 टक्के जुळलं, याचा अर्थ जवळच्या नातेवाइकाचा क्रम जेनबँकेत नाही. दोन्ही गोष्टी संदर्भसाहित्याच्या अपुरेपणाबद्दल सांगतात, तुमच्या प्राण्याबद्दल अजून फारसं सांगत नाहीत.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: या वंशातल्या आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक जातीपासून हा प्राणी वेगळा आहे, हे मी दाखवू शकते का? आणि तो वेगळेपणा वय, लिंग, मोडतोड किंवा साठवण यांमुळे आलेला नाही, हेही दाखवू शकते का? नव्या जातीचा शोधनिबंध म्हणजे या दोन प्रश्नांचं उत्तर. चित्रं, मापं, नाव हे सगळं त्या उत्तरासाठी लागतं.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जातो. समुद्री जातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे वर्म्सवर, त्या वंशाचं पान उघडा आणि सगळ्या मान्य जातींची यादी उतरवून घ्या. मग मान्य नसलेल्या, दुसऱ्या नावात विलीन केलेल्या नावांचीही यादी करा. नवखी मंडळी ही दुसरी यादी हमखास सोडतात. कोणी 1890 मध्ये दिलेलं आणि पुढे कोणीतरी 'हे तर अमुकच' म्हणून विलीन केलेलं नाव कदाचित तुमच्याच प्राण्याचं असेल. तसं निघालं तर ते जुनं नाव पुन्हा उभं राहील आणि तुमच्या नव्या नावाला जागा उरणार नाही, कारण प्राणिनामकरणात अग्रक्रम आधी प्रकाशित झालेल्या नावाला मिळतो.

त्यानंतर प्रत्येक जातीचं मूळ वर्णन मिळवा. नंतरच्या कोणाचा सारांश किंवा कीमधली ओळ पुरत नाही, मूळच हवं. खोल समुद्रातल्या ॲम्फिपॉडच्या बाबतीत म्हणजे पुष्कळदा एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाची मोहीम 1872 ते 1876 या काळात झाली आणि तिच्या ॲम्फिपॉडवरचा प्राणिशास्त्रज्ञ स्टेबिंगचा अहवाल 1888 मध्ये आला. त्यातली चित्रं आजही थक्क करतात. तरी त्या काळी कोणत्या अवयवाचं किती बारीक वर्णन करायचं याचे संकेत वेगळे होते. आज आपण ज्या रोमांच्या, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांच्या, संख्येवरून दोन जाती वेगळ्या करतो, ते रोम जुन्या चित्रात नसले तर त्या प्राण्यालाच नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अशा वेळी टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून मूळ वर्णन केलं तोच नमुना, पाहावा लागतो. चॅलेंजरचे बरेच नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, हिंदी महासागरात फिरलेल्या इन्व्हेस्टिगेटर जहाजाचे कोलकात्यात, फ्रेंच मोहिमांचे पॅरिसमध्ये. प्रत्यक्ष जाणं जमलं नाही तर संग्रहपालांना लिहा. नेमक्या कोणत्या अवयवाचा, कोणत्या बाजूने फोटो हवा ते सांगितलं तर मदत सहसा मिळते. 'टाइपचे फोटो पाठवा' एवढंच मोघम लिहिलं तर अख्ख्या प्राण्याचा बाजूने काढलेला एक फोटो येतो आणि त्याचा उपयोग होत नाही.

हे सगळं हाताशी आलं की मोठा तक्ता करा. आडव्या ओळींत जाती, उभ्या रकान्यांत लक्षणं. लायसियानासॉइड या ॲम्फिपॉडच्या एका मोठ्या गटातला प्राणी असेल तर माझे रकाने साधारण असे असतात: डोळ्याचा आकार, पहिल्या शृंगिकेच्या (अँटेनाच्या) देठाच्या खंडांचं प्रमाण, जबड्याच्या पाल्पचे (फांदीसारख्या उपांगाचे) खंड, मॅक्सिलिपेडच्या (तोंडाजवळच्या पायांच्या) पात्यावरचे काटे, पहिल्या आणि दुसऱ्या ग्नॅथोपॉडची (पुढच्या पकडीच्या पायांची) पकड, बगलेतल्या कॉक्सा पट्ट्यांचा आकार, तिसऱ्या एपिमेरल (पोटाच्या बाजूच्या) पट्टीचा मागचा कोपरा, तिसरा युरोपॉड (शेपटीकडचा पाय) आणि टेल्सन, म्हणजे शेपटीच्या टोकाची पट्टी, किती खोल दुभंगलं आहे. तुमच्या वंशात यातली कोणती लक्षणं खरोखर बोलतात, हे आधीच्या लेखकांच्या चर्चेतून कळेल. तक्ता भरताना जिथे माहिती नाही तिथे स्पष्ट 'माहिती नाही' लिहा. रिकामी जागा सोडली की काही दिवसांनी आपल्यालाच ते लक्षण त्या जातीत नाही असं वाटू लागतं.

तक्ता पूर्ण झाल्यावर पुष्कळदा चित्र अचानक स्वच्छ होतं. वंशातल्या पंचवीस जातींपैकी बावीस पहिल्या दोन-तीन लक्षणांतच बाजूला पडतात आणि दोन-तीन जवळच्या उरतात. निबंधात सगळ्यात जास्त जागा या दोन-तीनांना द्या. परीक्षक वर्णनाची पानं चाळतात, पण ही तुलना ओळ न् ओळ वाचतात. मीही परीक्षण करते तेव्हा आधी तीच उघडते.

आता दुसरा प्रश्न: दिसणारा फरक कशामुळे आला? इथे ॲम्फिपॉड घेऊन बसलेल्यांचं एक काम हलकं असतं. ॲम्फिपॉडला पाण्यात मोकळी तरंगणारी डिंभावस्था (लार्व्हा) नसते. पिल्लं आईच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर पडतात तेव्हाच मोठ्या प्राण्यासारखी दिसतात. कोळंबीच्या गटात तसं नाही. 1828 मध्ये सेराटास्पिस मॉन्स्ट्रोसा या नावाने वर्णन झालेला शिंगाळ, चिलखती जीव कोणाचा हे कोडं 2012 पर्यंत सुटलं नव्हतं. डीएनए तपासल्यावर ते प्लेसिओपिनियस आर्मेटस या खोल पाण्यातल्या कोळंबीचं डिंभ निघालं. एकाच प्राण्याला बालपणाचं एक आणि मोठेपणाचं दुसरं नाव मिळालेलं होतं. उष्णजल झऱ्यांजवळच्या रिमिकॅरिस एक्सोक्युलाटा या कोळंबीचंही असंच झालं. तिच्या अल्पवयीन नमुन्यांना 1996 मध्ये वेगळ्या वंशाचं नाव मिळालं आणि पुढे दोनच वर्षांत जनुकीय तुलनेतून ते रिमिकॅरिसच असल्याचं दिसलं.

ॲम्फिपॉडमध्ये डिंभाचा घोळ नसला तरी वाढीचा आहे. दर कात टाकताना शृंगिकेच्या चाबकातले खंड वाढतात, काही काट्यांची संख्या वाढते, पायांच्या खंडांची लांबी-रुंदी बदलते. त्यामुळे तुमच्या 23 मिलिमीटरच्या मादीची तुलना कोणी 9 मिलिमीटरच्या नमुन्यावरून केलेल्या वर्णनाशी करत असाल तर खंडांची संख्या आणि प्रमाणं बाजूला ठेवा. आकारावर कमी अवलंबून असलेली लक्षणं घ्या: एखादा काटा आहे की नाही, पट्टीचा कोपरा गोल आहे की टोकदार, पाल्प कुठून निघतो. मादी प्रौढ आहे का हे पिशवीच्या पट्ट्यांवरून, म्हणजे ऊस्टेगाइटवरून कळतं. त्यांच्या कडांना लांब रोम असतील तर ती प्रौढ आहे असं धरायला हरकत नाही. नर हाती नाही, म्हणून ज्या जाती फक्त नरावरून माहीत आहेत त्यांच्याशी तुलना करताना जपून. अनेक कुळांत नराच्या शृंगिका आणि ग्नॅथोपॉड मादीपेक्षा पार वेगळे असतात.

मोडतोड आणि साठवणही पाहा. ट्रॉलमध्ये घुसळून आलेल्या प्राण्याचे रोम झडलेले असतात. पण रोम जिथून निघतो तिथे कवचात बारीक खाच राहते, ती तपासली की तो मुळात होता की नव्हता हे समजतं. एखादा पाय तुटून पुन्हा उगवत असेल तर तो लहान आणि कमी काट्यांचा दिसतो, म्हणून शक्य तिथे दोन्ही बाजू पाहाव्यात. आणि रंगावर फार विसंबू नका. लाल-केशरी रंग कॅरोटिनॉइडचे असतात, अल्कोहोलमध्ये उतरून जातात. नौकेवर ताज्या प्राण्याचा फोटो काढलेला असेल तर तो मात्र जपून ठेवा आणि निबंधात छापा. तशा फोटोंची फार टंचाई आहे.

डीएनएकडे वळते. 87 टक्क्यांचं काय करायचं? 2023 मध्ये पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या नोंदींचा आढावा घेतला गेला. हा पट्टा हवाई आणि मेक्सिको यांच्या मधोमध आहे आणि तिथे समुद्रतळातल्या खनिजांवर अनेकांचा डोळा आहे. तिथल्या अंदाजे 88 ते 92 टक्के प्राणिजातींना अजून नावच नाही, असं त्या आढाव्यात निघालं. नावंच नसतील तर संदर्भक्रम कुठून येणार? तेव्हा सर्वांत जवळचा क्रम लांबच्या नात्यातला असणं हे खोल समुद्रासाठी नेहमीचंच आहे. शिवाय जेनबँकेतला क्रम चुकीच्या नावाखाली असू शकतो. त्याचा नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे आणि ओळख कोणी पटवली, हे पाहिल्याशिवाय त्या नावावर भरवसा ठेवू नका.

ब्लास्ट या, जेनबँकेत जुळणारे क्रम शोधणाऱ्या प्रोग्रामचा टक्का म्हणजे जातींमधलं अंतर नव्हे, हेही लक्षात घ्या. कवचधारी प्राण्यांवरच्या 2006 मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की सीओआयमध्ये दर स्थानामागे 0.16 बदलांपेक्षा जास्त अंतर असलेल्या शाखा बहुधा वेगवेगळ्या जाती असतात. पण ते अंतर वंशवृक्षाच्या फांद्यांवरून मोजलेलं होतं. दोन क्रम शेजारी ठेवून मोजलेल्या न जुळणाऱ्या अक्षरांचा तो टक्का नव्हता. म्हणून त्या वंशाचे उपलब्ध असलेले सगळे क्रम घ्या, वृक्ष काढा आणि तुमचे दोन्ही नमुने कुठे बसतात ते पाहा. दुसरा जनुक, निदान 16एस, जोडीला घ्या. सीओआयच्या क्रमाचं अमिनो आम्लांत भाषांतर करून मध्येच थांबण्याचा संकेत येतो का, हे तपासा. तसा संकेत आला तर माइटोकाँड्रियातला खरा जनुक बहुधा हाती आलेला नाही. पेशीकेंद्रात जाऊन पडलेली त्याची निकामी नक्कल आली असावी, आणि कवचधारींमध्ये असं बऱ्यापैकी होतं. 1994 पासून वापरात असलेले फोल्मरचे प्राइमर, म्हणजे जनुकाची नक्कल सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, ॲम्फिपॉडमध्ये कित्येकदा चालतच नाहीत, तेव्हा पहिल्या अपयशाने नमुन्याला दोष देऊ नका.

डीएनए आणि शरीररचना यांची जोड किती कामाची असते, हे दोन प्राण्यांवरून सांगते. युरिथेनिस ग्रायलस हा मोठा मृतभक्षी ॲम्फिपॉड 1822 पासून माहीत आहे आणि जवळजवळ सगळ्या महासागरांत एकच जाती आहे असं दीर्घकाळ मानलं जात होतं. 2013 च्या जनुकीय अभ्यासात त्यात जातीच्या पातळीवरच्या नऊपर्यंत शाखा दिसल्या आणि साधारण 3000 मीटरच्या वरच्या आणि खालच्या शाखा वेगळ्या निघाल्या. त्यानंतर लोकांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं आणि काही शाखांना शरीरावरूनही वेगळं करता आलं, म्हणून त्यांना नावं मिळाली. मारियाना गर्तेतल्या युरिथेनिस प्लॅस्टिकसचं वर्णन 2020 मध्ये झालं. त्या नमुन्यांपैकी एकाच्या आतड्यात पीईटीशी (बाटल्यांच्या प्लॅस्टिकशी) 83.74 टक्के जुळणारा प्लॅस्टिकचा तंतू मिळाला होता आणि नाव त्यावरून आलं. 6000 मीटरच्या खाली राहणारा प्राणी, नाव मिळण्याआधीच त्याच्या पोटात आपलं प्लॅस्टिक पोचलेलं. हे वर्णन मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देते, कारण त्यात शरीररचना आणि जनुकं ही दोन्ही अंगं नीट हाताळली आहेत.

दुसरा प्राणी आयसोपॉड, बॅथिनोमस. मेक्सिकोतल्या युकातानजवळ 600 ते 800 मीटर खोलीतून 2017 मध्ये पकडलेला एक नमुना जपानमधल्या मत्स्यालयात बॅथिनोमस जायजँटिअस म्हणून गेला होता. दोघांच्या शेपटीच्या कडेला काटे अकराच, त्यामुळे ती ओळख सहज पटण्यासारखी होती. नंतर बारकाईने पाहिल्यावर अंग जास्त सडपातळ, पाय बारीक, आणि सीओआय व 16एस दोन्हींत स्पष्ट अंतर दिसलं. 2022 मध्ये ती बॅथिनोमस युकातानेन्सिस झाली. सर्वांत परिचित लक्षण सारखं निघालं म्हणून थांबू नये, हे यातून घेण्यासारखं आहे.

आता तुमच्या मनात असेल ती शंका: नमुने फक्त दोन, त्यातही एक तुटका, मग वर्णन करावं का? याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. नियमांच्या दृष्टीने एक नमुना पुरतो. किवा हिर्सुटा हा केसाळ पायांचा खेकड्याच्या नात्यातला प्राणी 2005 मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये सुमारे 2200 मीटरवर मिळाला, आणि त्या एकाच नमुन्यावर जाती, वंश आणि कुळ अशा तिन्ही पातळ्यांची नवी नावं उभी राहिली. अटाकामा गर्तेत 7902 मीटरवर मिळालेला डल्सिबेला कमांचाका हा शिकारी ॲम्फिपॉड 2024 मध्ये चार नमुन्यांवरून, नव्या वंशासह, वर्णन झाला. हे प्राणी माहीत असलेल्या सगळ्यांपासून इतके दूर होते की आणखी नमुने मिळून निष्कर्ष बदलण्याची भीती नव्हती.

तुमचा प्राणी जवळच्या जातीपासून काट्यांच्या संख्येत किंवा एखाद्या खंडाच्या प्रमाणातच वेगळा असेल तर मात्र दोन नमुन्यांवर मी नाव देणार नाही. एकाच जातीत तेवढा फरक सहज असू शकतो आणि तो किती आहे हे मोजायला संख्या हवी. वेगळेपणा आहे-नाही अशा दोन-तीन लक्षणांत असेल, दोन्ही नमुन्यांत सारखा दिसत असेल आणि डीएनएही तेच सांगत असेल, तर मी थांबणार नाही. मधल्या परिस्थितीत आणखी नमुने शोधा. त्यासाठी नवी मोहीम निघायलाच हवी असं नाही. त्याच सफरीच्या शेजारच्या स्थानकांच्या बरण्या, जुन्या सफरींचे 'ॲम्फिपॉड, अनिश्चित' असं लेबल लावलेले डबे, दुसऱ्या संस्थांचे न उघडलेले नमुने पाहा. 2012 मधल्या एका अभ्यासात नमुना गोळा झाल्यापासून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात असं दिसलं होतं. म्हणजे पुष्कळ नव्या जाती आधीच कपाटांत आहेत. मासळीबाजारही सोडू नका. 2025 मध्ये वर्णन झालेला बॅथिनोमस वेडेरी व्हिएतनाममधल्या क्विन्यन इथे मच्छीमारांकडून विकत घेतलेल्या नमुन्यांतूनच पुढे आला.

खोलीची नोंदही जरा तपासा. तुमचा ट्रॉल तोंड बंद होणारा होता का? नसेल तर जाळं वर येताना हजार मीटर पाण्यातून येतं आणि वाटेत काहीही आत शिरू शकतं. मग '1100 मीटर तळावर राहणारा' असं लिहिता येणार नाही, 'तळाशी 1100 मीटरवर ओढलेल्या ट्रॉलमध्ये मिळाला' एवढंच म्हणता येईल. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पुढचे लोक ती खोली उचलून नकाशे करतात. पायांची घडण, आतड्यातली सामग्री आणि तळाला टेकणाऱ्या सापळ्यात मिळालेले जोडीचे नमुने यावरून प्राणी तळावरचा की पाण्यातला, याचा अंदाज बांधता येतो.

टेबलावरच्या कामाबद्दल थोडक्यात. विच्छेदनाआधी मादीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पूर्ण बाजूचं चित्र त्याच वेळी काढून घ्या, कारण नंतर ती तशी राहणार नाही. मग एकाच बाजूचे अवयव सोडवा. उजवी बाजू जशीच्या तशी प्राण्यावर राहू द्या. ग्लिसरीनमध्ये तात्पुरती स्लाइड करून कॅमेरा लुसिडाने, म्हणजे सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर दाखवणाऱ्या उपकरणाने, पेन्सिलीचं चित्र काढा. कवच फिकट असेल तर क्लोरॅझोल ब्लॅकने हलकं रंगवल्यावर काटे आणि रोम उठून दिसतात. शाईचं काम आता टॅब्लेटवर होतं, पण पेन्सिलीची पायरी गाळू नका. चित्र काढताना डोळा प्रत्येक रोमापाशी थांबतो, फोटोत तो सरकून जातो. अर्धे फरक मला चित्र काढतानाच दिसतात. नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये असतील तर पाय काडीसारखे ठिसूळ झालेले असतात; आधी हळूहळू कमी तीव्रतेत आणून मऊ करा. फॉर्मलिनमध्ये असतील तर डीएनए मिळण्याची आशा फार ठेवू नका.

नामकरणाचे नियम जटिल वाटतात, पण तुमच्या कामाला लागतील ते मोजके आहेत. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती 1999 ची, 1 जानेवारी 2000 पासून लागू. तिच्यानुसार नवी जाती प्रकाशित करताना ती नवी आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, तिला वेगळं ओळखता येईल असं शब्दांतलं वर्णन किंवा व्याख्या द्यावी लागते, होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो एक नमुना, नेमून सांगावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात, कोणत्या गावी ठेवला आहे किंवा ठेवणार आहे तेही लिहावं लागतं. तुमची मादी होलोटाइप होईल, तुटका नमुना पॅराटाइप, म्हणजे जोडीचा नमुना. स्लाइड आणि डीएनएसाठी काढलेला तुकडा यांनाही होलोटाइपचाच क्रमांक द्या, नाहीतर काही वर्षांनी त्यांचं नातं हरवतं. संग्रह असा निवडा जिथे नमुने मागितल्यावर पाहायला मिळतात. नमुना ज्या देशाच्या सागरी हद्दीतला आहे तिथल्या परवानग्या आणि नागोया कराराची (जैविक नमुन्यांच्या वापराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं आधीच गोळा करून ठेवा. अनेक नियतकालिकं ती मागतात.

निबंध फक्त ऑनलाइन प्रसिद्ध होणार असेल तर 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे तो प्रसिद्धीआधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदलेला असला पाहिजे आणि नोंदीचा पुरावा निबंधातच दिसला पाहिजे, प्रकाशनाची तारीखही. चांगलं नियतकालिक हे करून घेतं, तरी अंतिम प्रूफमध्ये स्वतः पाहा. आणि हे काम पूर्ण होईपर्यंत नवं नाव कुठेही लिहू नका: परिषदेच्या गोषवाऱ्यात नाही, प्रबंधात नाही, फोटोखालच्या ओळीत नाही, जेनबँकेच्या नोंदीत नाही. तिथे वंशाचं नाव आणि पुढे 'एसपी.' (नाव न ठरलेली जाती) एवढंच, सोबत नमुन्याचा क्रमांक. वर्णनाविना फिरणाऱ्या नावाला संहितेत स्थान नसतं, पण लोक ते वापरू लागतात आणि तो गुंता दुसऱ्या कोणाला सोडवत बसावं लागतं.

नावाचं म्हणाल तर ते सगळ्यात शेवटी ठरवा. वंशाच्या नावाशी विशेषणाचं लिंग जुळायला हवं, आणि त्याच वंशात ते नाव आधी कोणी वापरलेलं नसावं. एवढं सांभाळलं की निवड तुमची. मला स्वतःला प्राण्याचं एखादं ठळक लक्षण किंवा ठिकाण सांगणारी नावं आवडतात, पण हा आवडीचा भाग आहे. स्वतःचं नाव देऊ नये हा संकेत मात्र जवळजवळ सगळेच पाळतात, तुम्हीही पाळा.

शक्य असेल तर त्या कुळावर काम करणाऱ्या एखाद्या अनुभवी व्यक्तीला सहलेखक म्हणून विचारा. मूळ वर्णनांचा साठा, टाइप पाहिल्याच्या नोंदी आणि कुठलं जुनं नाव संशयास्पद आहे याची माहिती अशा लोकांच्या टिपणांत असते, छापील साहित्यात ती सापडत नाही. तक्ता हातात घेऊन गेलात तर ते आनंदाने वेळ देतात.

तुमच्या जागी मी या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करेन. तुटक्या नमुन्याचाही सीओआय क्रम काढायला देईन, कारण दोघं एकाच जातीचे आहेत हेच अजून नक्की नाही. वंशातल्या सगळ्या नावांची, विलीन झालेल्यांसकट, यादी करेन. आणि मादीला सुई लावण्याआधी तिचे फोटो काढेन. पुन्हा लिहाल तेव्हा पहिल्या ग्नॅथोपॉडचा आतल्या बाजूने घेतलेला फोटो, टेल्सनचा वरून घेतलेला फोटो आणि ऊस्टेगाइटच्या कडांना रोम आहेत की नाहीत, एवढं कळवा. तेवढ्यावरून जवळच्या जाती कोणत्या आणि मूळ वर्णनं कुठे शोधायची, हे बहुधा सांगता येईल.